प्रत कोणासाठी?

मागच्या उन्हाळ्यात धुळ्यातल्या एका महाविद्यालयातले दोन तरुण प्राध्यापक माझ्याकडे आले. स्थापत्य विभागाच्या व्हरांड्यात मोजणीच्या जुन्या साधनांचं एक छोटं दालन मांडायचं त्यांच्या मनात होतं. साधनं गोळा झाली होती, अडलं होतं ते यादीपाशी. "काका, तुम्ही फक्त वर्गवारी करून द्या. कुठलं साधन कुठल्या रांगेत, एवढंच," असं सांगून, चहा घेऊन ते गेले. माझी चौतीस वर्षं सर्वेक्षणात गेली. त्यातली अठरा तर विमानातून काढलेल्या फोटोंवरून नकाशे उतरवणाऱ्या यंत्रांपुढे. दोन संध्याकाळींचं काम, असं धरून मी वही उघडली. दीड महिना झाला तरी पहिलं पान पुरं होईना.

साधनं अशी होती: एक लोखंडी साखळी, काटकोन काढायचा शंकू, तिपाईवरचं फलक यंत्र, नकाशा लहानमोठा करणारा पँटोग्राफ, दोन फोटो एकत्र बघायचा आरशांचा स्टिरिओस्कोप, त्याच्याबरोबरची पॅरॅलॅक्स बार आणि शेवटी माझ्या घरातलं एक हातचाक. ते चाक फोटोंवरून नकाशा उतरवणाऱ्या, विल्ड ए-8 नावाच्या स्विस यंत्राचं आहे. ज्या कार्यालयात मी होतो तिथली ही यंत्रं निकालात निघाली तेव्हा लिलावाच्या यादीत त्यांची नोंद 'जुने लोखंड व मिश्र धातू, वजनावर' एवढीच होती. ती ओळ वाचून मला त्या रात्री झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी भंगारवाल्याला गाठून, हात जोडून, एक चाक तेवढं विकत घेतलं. महाविद्यालयाच्या यादीत बाकी सगळ्यांना जागा मिळत गेली. हे चाक कुठं बसवायचं, तिथं मी अडलो.

वर्गवारीचा विषय आमच्या घरात नवा नाही. माझे आजोबा, आम्ही त्यांना आबा म्हणायचो, पश्चिम खान्देशात भूकरमापक होते. माझ्या लहानपणी ते निवृत्त झालेले होते, पण बांधाचं भांडण पेटलं की गावातले लोक त्यांनाच बोलावत. साखळीचं एक टोक धरायला ते मला न्यायचे. साखळी तेहतीस फुटांची, तिचे सोळा आणे. एक साखळी लांब आणि एक साखळी रुंद म्हणजे एक गुंठा, चाळीस गुंठ्यांचा एकर. रुपया, आणा, गुंठा, एकर अशी सगळी गणितं त्या एका लोखंडी माळेत ओवलेली होती. वापरून वापरून साखळीच्या कड्या उघडतात आणि ती लांबते. म्हणून सकाळी काम सुरू करण्याआधी आबा ती जमिनीत ठोकलेल्या दोन खुंट्यांमध्ये ताणून बघत. लांबलेली आढळली तर प्रत्येक कडी हातोडीने बसवत. तोपर्यंत शेतमालक ताटकळत उभा राहिला तरी चालेल.

पांझरेच्या काठी एका म्हातारीचं शेत मोजताना तिनं आबांना विचारलं होतं, "हाई मोजनी कोनासाठे शे?" आबांनी उत्तर दिलं नाही. टिपणाचा कागद दगडावर पसरला, तिचं बोट धरून कागदाच्या एका कोपऱ्यावर ठेवलं आणि म्हणाले, "हाऊ तुना कोपरा शे, माय." बाई निरक्षर होती. तरी ती ते बोट बराच वेळ तिथून उचलेना. त्या वयात मला त्यात काही विशेष वाटलं नाही.

आबांकडून मोजणीबरोबर मी 'प्रतबंदी' हा शब्द शिकलो. मोजणीने जमिनीचा आकार कळतो, प्रतबंदीने तिची योग्यता ठरते. ही पद्धत घडली आपल्याच मुलखात. 1818 मध्ये खान्देश इंग्रजांकडे गेला आणि कॅप्टन ब्रिग्जनं धुळ्याला ठाणं केलं. जमिनीवर किती सारा बसवायचा, हा तेव्हा सगळ्या मुंबई इलाख्यापुढचा प्रश्न होता. पुणे जिल्ह्यात प्रिंगल नावाच्या अधिकाऱ्यानं 1820 च्या दशकात मोठी खटपट केली. प्रत्येक प्रकारच्या शेताचं निव्वळ उत्पन्न हिशोबानं काढायचं आणि त्याचा ठरावीक हिस्सा सरकारनं घ्यायचा, असा त्याचा बेत होता. कागदावर तो अतिशय शास्त्रशुद्ध होता. प्रत्यक्षात आकडे भरवशाचे नव्हते, सारा जड झाला आणि लोक जमिनी टाकून गेले. मग 1835 मध्ये इंदापूर तालुक्यात गोल्डस्मिड आणि विंगेट या अधिकाऱ्यांनी नव्यानं सुरुवात केली. त्यांनी डेव्हिडसनबरोबर 1847 साली जो संयुक्त अहवाल लिहिला, तो पुढं इलाख्याच्या मोजणीचा पायाच झाला.

या अहवालातली प्रतबंदी आबांना तोंडपाठ होती. मातीच्या रंगापोतावरून तीन दर्जे. खोलीवरून नऊ प्रती. उत्तम मातीची पावणेदोन हात खोल जमीन म्हणजे सोळा आणे, आणि खोली कमी होईल तसे आणे उतरत जायचे. मग सात दोष पाहायचे: चुनखडीचे खडे, वाळूची भेसळ, उतार, मातीचे कण एकमेकांना न धरणं, पाणी न झिरपणारा थर, वरून पाणी वाहून जाण्याचा धोका, आणि झऱ्यामुळे पाणी साचणं. एक दोष आढळला की जमीन एक प्रत खाली. कारकून शेताचे भाग पाडून ठिकठिकाणी खड्डा घेई, माती चोळून बघे, खोली मोजे आणि छोट्या चौकोनात खुणा करी. माती कोणत्या खडकापासून झाली, ती कुठून वाहत आली, हे प्रतबंदीनं कधी विचारलं नाही. सारा किती बसवावा एवढंच तिला कळून घ्यायचं होतं आणि ते तिनं लपवलंही नाही.

विंगेटनं मार्च 1852 मध्ये खान्देशासाठी मोजणी आणि आकारणीची योजना सरकारला सादर केली. त्याच वर्षाच्या अखेरीस सावदा, फैजपूर, एरंडोल या भागात शेतकरी उठले. साखळी आली म्हणजे सारा वाढणार, हे त्यांनी मनाशी पक्कं धरलं होतं. मोठमोठे जमाव जमले, मोजणीचे तंबू उठवावे लागले. सरकारनं फौज आणि भिल्ल पलटण पाठवून पुढाऱ्यांना पकडलं, आणि मग मोजणी पुन्हा सुरू झाली. फैजपूर म्हटलं की आपल्याला 1936 चं काँग्रेसचं अधिवेशन आठवतं, खेड्यात भरलेलं पहिलं. त्याच गावानं चौऱ्याऐंशी वर्षं आधी साखळीला अडवलं होतं, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. शाळेत असताना मला त्या लोकांची कीव यायची, मोजणीला कशाला घाबरायचं म्हणून. आता तसं वाटत नाही. साखळी खरी आहे की खोटी, याची शंका त्यांना नव्हतीच. पांझरेकाठच्या बाईनं विचारलं, तेच त्यांनी विचारलं होतं.

हे सगळं त्या हातचाकापर्यंत कसं येतं, ते सांगतो.

विमान सरळ रेषेत उडतं आणि ठरावीक अंतरावर फोटो काढत जातं. प्रत्येक फोटोत मागच्या फोटोतला साधारण साठ टक्के भाग पुन्हा येतो. म्हणजे जमिनीचा प्रत्येक तुकडा दोन जागांवरून टिपला जातो, जसे आपले दोन डोळे एकच वस्तू दोन जागांवरून बघतात. आता ते दोन फोटो यंत्रात अशा कलानं बसवायचे, की फोटो काढताना कॅमेरा जसा तिरपा होता तसेच ते तिरपे होतील. असं झालं की दोन्ही फोटोंतून निघणारी किरणं पुन्हा एकमेकांना भेटतात आणि डोळ्यांपुढं जमीन उभी राहते, डोंगर उंच आणि दऱ्या खोल. त्या जमिनीवर एक इवलासा ठिपका तरंगत असतो. हातांनी तो पूर्व-पश्चिम आणि दक्षिण-उत्तर न्यायचा, पायानं वर-खाली करायचा. तो जमिनीला नेमका टेकवून ठेवून पुढं चालवत नेला की दुसऱ्या टेबलावरची पेन्सिल नकाशा काढते. उंची कायम ठेवून ठिपका जमिनीलगत फिरवला की समोच्च रेषा उमटते.

ए-8 वर हे सगळं दोन हातचाकं आणि पायाखालची एक तबकडी यांनी होतं. फोटो बसवायला निष्णात माणसालाही वेळ लागे. ठरलेल्या सहा जागांवर बघायचं, दोन प्रतिमा वर-खाली सरकलेल्या दिसल्या की एक एक स्क्रू फिरवून त्या जुळवायच्या, एका जागी जुळल्या की दुसऱ्या जागी बिघडायच्या. सगळ्या जागा एकदम निवळल्या की चित्र शांत होई. हैदराबादला उप्पलच्या प्रशिक्षणात आमचे शिक्षक म्हणायचे, डोळा ताणू नका, चित्र आपणहून येऊ द्या. एका वर्षी माझ्या वाट्याला माझाच जिल्हा आला. ते फोटो गोपनीय, खोलीबाहेर नेण्याची परवानगी नसे. दुर्बिणीला डोळे लावले आणि लळिंगचा किल्ला समोर उभा राहिला. या यंत्रात उंची असते त्याहून जास्त भासते, त्यामुळं तो मला लहानपणी वाटे तेवढाच उंच दिसला. धुळे-नंदुरबारकडं काळ्या दगडाच्या लांबच लांब भिंती शेतांतून आडव्या गेलेल्या आहेत. लाव्हा भेगांत थिजून झालेले हे डाइक जमिनीवरून चालताना नुसते उंचवटे वाटतात. वरून ते रुळांसारखे सरळ, मैलोन् मैल गेलेले दिसले. तापीकाठच्या घळींत ठिपका उतरवताना तर पाय तबकडीवर थरथरायचा.

असं हे यंत्र. आता त्याची प्रत लावा.

पहिली रीत शिकवणाऱ्यांची. यंत्र किरणं कशी पुन्हा उभी करतं, यावरून तीन वर्ग करतात: प्रकाशानं, यांत्रिक दांड्यांनी, किंवा दोन्हींनी मिळून. अमेरिकेत हॅरी केल्शनं बनवलेला प्लॉटर पहिल्या वर्गाचा. अंधाऱ्या खोलीत वरून दोन प्रोजेक्टर लाल आणि निळा प्रकाश टाकतात, आपण डोळ्यांवर लाल-निळ्या काचा लावायच्या आणि पांढऱ्या चकतीवरच्या सुईएवढ्या प्रकाशबिंदूनं जमीन चाचपायची. पण ए-8 कुठं ठेवायचा? त्याची किरणं म्हणजे पोलादी दांड्या, म्हणून तो यांत्रिक. पण बघायचं असतं भिंगं आणि प्रिझमांतून, म्हणजे अर्धा देह काचेचा. जर्मनीत ह्यूगर्सहॉफच्या जुन्या यंत्रात फोटो दुर्बिणीतून बघितले जात आणि जमिनीकडची बाजू दांड्यांची असे. ते तिसऱ्या वर्गात घालायचं म्हटलं, तर मग ए-8 ही तिथंच का नको? झाइसच्या स्टिरिओप्लॅनिग्राफची प्रक्षेपणं प्रकाशाची, पण त्याचं सगळं चलनवलन यांत्रिक. त्याचा कर्ता वॉल्टर बाउअर्सफेल्ड. तारांगणाचा पहिला प्रोजेक्टरही त्याचाच, 1923 सालचा. आकाश छतावर उतरवणारा आणि जमीन टेबलावर उतरवणारा माणूस एकच. प्रकाश आणि पोलाद यांत त्यानंच भिंत घातली नाही, तर ती आपण कुठून घालणार?

दुसरी रीत विकत घेणाऱ्यांची: पहिला, दुसरा आणि तिसरा दर्जा. पहिल्या दर्जात सगळी कामं करणारी, सगळ्यांत महाग यंत्रं. दुसऱ्यात मोठ्या प्रमाणावर अचूक नकाशे काढणारी. तिसऱ्यात सोपी, स्वस्त, अंदाजी कामाची. 1950 च्या दशकाच्या सुरुवातीला विल्डनं ए-7 आणि ए-8 ही दोन यंत्रं आणली. एका जोडीवर काम करताना ए-8 ए-7 च्या तोडीस तोड होता. तरी ए-7 पहिल्या दर्जात आणि ए-8 दुसऱ्यात, कारण ए-7 वर 'पूल' बांधता येत असे. म्हणजे पट्ट्यातल्या पहिल्या जोडीला दुसरी, दुसरीला तिसरी अशा जोड्या न मोडता पुढं नेता येत, आणि जमिनीवर खऱ्या मोजलेल्या खुणा दोन टोकांनाच असल्या तरी मधला भाग भरून निघे. ए-8 ला ती सोय नव्हती. त्यामुळं बरीच वर्षं ए-7 वर बसणाऱ्यांचा मान वेगळा असे.

पण 1960 च्या दशकात एक नवीच गोष्ट झाली. प्रत्येक जोडी सुटी मोजायची, कॅमेऱ्याच्या जागांचे आकडेही त्यातच घ्यायचे, आणि सगळ्या जोड्या एकमेकींना जोडायचं काम संगणकावर सोपवायचं, ही रीत रूढ झाली. मग ए-8 वर पूल बांधता येऊ लागला, आणि त्याहून साध्या यंत्रांवरही. ए-8 मधला एक स्क्रू बदलला नव्हता. दुसऱ्या खोलीत, कधी कधी दुसऱ्या गावात, एक संगणक आला आणि आमच्या यंत्राची प्रत वाढली. आबांना मी हे सांगितलं असतं तर ते म्हणाले असते, विहीर खणली की जिराईत बागायत होते, माती तीच. प्रत मातीतच असते असं नाही, हे त्यांना आधीच कळलेलं होतं.

तिसरी रीत आकड्याची. त्याला आम्ही सी-फॅक्टर म्हणायचो. विमानाच्या उड्डाणाची उंची भागिले भरवशानं काढता येईल अशा समोच्च रेषांमधलं अंतर. पंधराशे मीटरवरून उडून एका मीटरच्या रेषा नीट निघत असतील, तर आकडा पंधराशे. आकडा मोठा, यंत्र चांगलं. ऐकायला हे सर्वांत निर्मळ. पण त्या आकड्यात कॅमेऱ्याचं भिंग आहे, फिल्म किती आकसली ते आहे, जमीन कशी आहे ते आहे आणि शेवटी खुर्चीत बसलेला माणूस आहे. मी हे खान्देशात अनुभवलं. एप्रिलमधली नांगरलेली काळी जमीन फोटोत सपाट काळी येते. डोळ्याला धरायला काहीच नसतं. ठिपका जमिनीवर टेकला की वर तरंगतोय की आत गेलाय, हे मेंदू सांगू शकत नाही. बांधावरची बाभूळ, पायवाट, विहिरीचं कडं यांच्या आधारानं मधली जमीन अंदाजानं ओढून न्यायची. तेच यंत्र, तोच माणूस, सातपुड्याच्या खडकाळ उतारावर केसाएवढी रेषा काढतो आणि चोपड्याच्या काळ्या शिवारात अडखळतो. मग तो आकडा यंत्राचा की काळ्या मातीचा?

चौथी रीत आताच्या पुस्तकांत दिसते, काळाच्या क्रमाची: आधी यांत्रिक, मग विश्लेषक, मग डिजिटल. 1957 साली हेलावा या शास्त्रज्ञानं दांड्यांची जागा गणिताला द्यायची कल्पना मांडली आणि त्यातून विश्लेषक यंत्रं आली. ती पायरी स्पष्ट आहे. पण आमच्याकडं नव्या यंत्रांना पैसा मिळेपर्यंत जुन्याच ए-8 आणि विल्डच्याच बी-8 यंत्रांना इलेक्ट्रॉनिक मापक जोडून त्यांचे आकडे संगणकात घेतले जात. दांड्या 1950 च्या दशकातल्या, आकडे 1990 च्या दशकातले. त्याला कोणत्या कपाटात ठेवायचं?

जूनच्या पहिल्या पावसात, वीज गेलेल्या एका संध्याकाळी, मी चारही तक्ते जमिनीवर शेजारी मांडले. एकाच ए-8 ला चार जागी चार घरं मिळाली होती आणि एकही दुसऱ्याशी जुळत नव्हतं. इतके दिवस मी शोधत होतो ते चारींच्या मुळाशी असलेलं एक खरं घर. ते नाहीच, हे त्या अंधारात उमगलं. चारही तक्ते खरे होते. फक्त प्रत्येकानं आपल्या माथ्यावर एक ओळ लिहायची टाळली होती: ही प्रतवारी कोणासाठी. प्रकाश की दांड्या हे विद्यार्थ्याला हवं. दर्जा टेंडर काढणाऱ्याला हवा. सी-फॅक्टर हवा विमान किती उंच उडवायचं हे ठरवणाऱ्याला, आणि काळाचा क्रम इतिहास लिहिणाऱ्याला. विंगेटची प्रतबंदी खान्देशाला जाचक वाटली असेल, पण ती सरकारी साऱ्यासाठी आहे हे तिनं उघडपणे सांगितलं होतं. म्हणूनच सावद्याचा शेतकरी तिच्याशी भांडू तरी शकला. ज्या वर्गवारीच्या माथ्यावर तिचा हेतू लिहिलेला नाही, तिच्याशी भांडताही येत नाही. 'जुने लोखंड, वजनावर' हीसुद्धा एक प्रतच होती. ती वजन करून पैसे चुकते करणाऱ्यासाठी होती, आणि त्या कागदावर तसं लिहिलेलं नव्हतं, म्हणून मला ती एवढी लागली.

मग मी पाचवा तक्ता केला, पांझरेकाठच्या त्या म्हातारीसाठी. प्रश्न एकच: या साधनानं काढलेल्या कागदावर, ज्याची जमीन आहे त्याला आपल्या कोपऱ्यावर बोट ठेवता येतं का?

साखळी आणि टिपण: येतं. ए-8 आणि आमच्या हातून उतरलेला एकास पन्नास हजारचा नकाशा: येत नाही. त्या नकाशावर एक एकराचं शेत सव्वा मिलिमीटरचं होतं, बोटाखाली आख्खं शिवार झाकलं जातं. तो नकाशा काढायचा असतो वेगळ्याच माणसासाठी. नदीचं खोरं कुठं उतरतं, धरणाचं पाणी कोणत्या गावापर्यंत चढेल, हे साखळीनं शंभर वर्षांतही सांगता आलं नसतं. ए-8 नं ते सांगितलं, आणि त्याचा मला आजही अभिमान आहे.

आणि ड्रोन? 24 एप्रिल 2020 ला स्वामित्व योजना सुरू झाली. तिच्यात ड्रोन गावठाणावरून उडतो, एकावर एक चढणारे फोटो काढतो, संगणक त्यांतल्या खुणा स्वतः जुळवतो आणि घराघराची सनद निघते. तत्त्व ए-8 चंच आहे, दोन जागांवरून एकच वस्तू बघण्याचं. पहिल्या चार तक्त्यांत तो ए-8 च्या वंशात, अगदी टोकाला बसतो. पण विंगेटच्या मोजणीनं शेतं मोजली आणि गावठाण एक मोठा तुकडा म्हणून तसंच सोडलं, कारण त्यावर सारा नव्हता. जिथून पैसा येत नाही ते मोजायचं नाही. त्यामुळं आपल्या गावांतली घरं पिढ्यान् पिढ्या कागदावर आलीच नाहीत. आता ती येत आहेत, आणि घरमालक मोबाइलच्या पडद्यावर आपल्या ओट्याच्या कोपऱ्यावर बोट ठेवतो. म्हणून माझ्या पाचव्या तक्त्यात ड्रोन आणि साखळी एका रांगेत आले. मध्ये पावणेदोनशे वर्षांचं अंतर असलं तरी.

मागच्या आठवड्यात दालन उघडलं. हातचाक एका निळ्या कापडावर ठेवलंय. त्याच्यासमोर पाच चिठ्ठ्या आहेत, प्रत्येकीच्या माथ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलंय, ही प्रत कोणासाठी. पाचवी मी माझ्या हातानं लिहिली. तिच्यावर ए-8 ची प्रत सगळ्यांत खालची आहे. ती तशीच राहू द्या, असं मी त्या प्राध्यापकांना सांगितलंय.